पावाच्या रंगाचा प्लग

"माराकेता," नेमेसियाने निकाल दिला आणि गाडीचा स्पार्क प्लग गिऱ्हाइकाच्या तळहातावर परत ठेवला. "चारही असेच दिसतायत. हात लावू नकोस. राहू देत."

गिऱ्हाईक खुशीत गेलं. समोरच्या पालात कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी पितळी तोंडं, विकत बसलेल्या कास्तोने मान वर केली. नेमेसियाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला हाच उभा राहिला होता, तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. एकमेकांना टोमणे मारायचा परवानाच तो.

"कोमाद्रे, हल्ली तुमच्याकडे येतं ते प्रत्येक इंजिन खमंग भाजलेलं निघतं. आल्तोतल्या गाड्या फार सुधारल्या बुवा. माणसं कधी सुधारायची?"

"तुम्ही जेट चांगले विकायला लागलात, म्हणून सुधारल्या असतील."

"मी? मी तर तेच जुने घासून विकतोय," कास्तो म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

एल आल्तोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारात नेमेसिया तार्कीचं पाल चौतीस वर्षं एकाच जागी लागत होतं. नवे प्लग डब्यात, जुने घासूनपुसून निळ्या फडक्यावर. पण लोक तिच्याकडे यायचे ते नुसते प्लग घ्यायला नव्हे, तर दाखवायला. लग्न जमेल का, कळपातून हरवलेला लामा सापडेल का, हे कोकाची पानं टाकून सांगणारे पलीकडच्या गल्लीत बसत. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते नेमेसिया सांगे. गाडीतून काढलेला प्लग ती उजेडाकडे धरी, टोकाशी असलेल्या चिनीमातीचा रंग बघी आणि एकच शब्द बोले. चुन्यो म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेल्या बटाट्यासारखा काळा: काजळी धरलीय, याहून गरम प्लग घाल. तुंता म्हणजे त्याच बटाट्याचा नदीत भिजवून केलेला पांढराफटक भाऊ: प्लग भाजतोय, थंड घाल, नाहीतर पिस्टनला भोक पडेल. आणि माराकेता म्हणजे सकाळच्या पावाच्या कडेसारखा तांबूस. इंजिन सुखात आहे, घरी जा.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण इथे चार हजार मीटर उंचीवर हवाच पातळ. पेट्रोल पुरतं जळत नाही, काजळी धरते. म्हणून शहरात फिरणाऱ्याला गरम प्लग लागतो, आपली काजळी आपणच जाळणारा. तीच गाडी खाली युंगासच्या दरीत उतरली की हवा दाट, ऊन कडक, आणि परतीला माणसं नि संत्र्यांची पोती भरून ला कुंब्रेच्या खिंडीपर्यंत सलग चढ. तिथे गरम प्लगचा निखारा होतो. कुठल्याही कंपनीच्या तक्त्यात असल्या रस्त्यासाठी रकाना नाही. तो रकाना दोन्या नेमेसियाच्या, म्हणजे नेमेसियाबाईंच्या, डोळ्यांत आहे, असं ड्रायव्हर लोक म्हणत, आणि तिला ते ऐकायला बरं वाटे. कुणाला वाटणार नाही?

दुपारी साबिनो आला. हा वीस वर्षं शहरात टॅक्सी हाकणारा, अबोल माणूस. महिन्याभरापूर्वी त्याने रस्ता बदलून युंगासची खेप धरली होती. आज त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्याने तिच्या मांडीवरच ठेवलं.

"बघा, दोन्या. काय करून ठेवलंय ते बघा."

पिस्टन होता. नेमेसियाने तो उलटासुलटा केला. तिचं बोट त्याच्या माथ्यातून आरपार गेलं. भोकाच्या कडा वितळून गुळगुळीत झाल्या होत्या.

"कुठे गेला?"

"ला कुंब्रेच्या अलीकडे. बुधवारी. अकरा माणसं गाडीत. तीन तास पावसात बसून होती बिचारी, एक बाई तर बाळंतपणाला निघालेली." साबिनोचा आवाज चढला. "हे सगळं त्या माकारियोचं काम. तुम्हीच आठवा. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी तुमच्याकडे चारही प्लग आणले होते. आठवडाभर खाली-वर करून आणलेले. गरमच ठेवू की थंड घालू, विचारलं. तुम्ही काय म्हणालात?"

"माराकेता."

"माराकेता! राहू देत, म्हणालात. एकाची वरची चिनीमाती तडकली होती, तेवढा बदलून दिलात. म्हणजे गुरुवारी इंजिन ठणठणीत. सोमवारी माकारियोने टायमिंग फिरवलं, आणि बुधवारी पिस्टनला भोक. आता यात आणखी काय बघायचं?"

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, दोनच अंश फिरवलं. सगळे मेकॅनिक दोनच अंश फिरवतात! शनिवारी ड्रायव्हरांच्या सिंडिकेटची सभा आहे. आमची एकही गाडी यापुढे त्याच्या गॅरेजला जाणार नाही. मी सेक्रेटरीला सांगितलंय, दोन्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं म्हणून. त्यावर कोण काय बोलणार?"

पिस्टन पुन्हा कागदात गुंडाळून तो गेला.

माकारियोला नेमेसिया ओळखत होती. दोन वर्षांपूर्वी त्याने खिंडीच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. युंगासच्या गाड्या सोडल्या तर त्याच्याकडे दुसरं कुणी जात नसे. सिंडिकेटने तोंड फिरवलं तर त्याने शेडमध्ये कोंबड्या पाळायच्या. पण त्याचं चुकलं असेल तर चुकलं. टायमिंगनेही, म्हणजे ठिणगी अवेळी पडली तरी, पिस्टन जळतो. तिने स्वतःला तसं समजावलं आणि दोन गिऱ्हाइकं केली. तरी कास्तोचं सकाळचं बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं.

शेवटी तिने पालाखालचा चरबीचा जुना डबा ओढला. भंगारातले प्लग ती त्यात टाके. साबिनोचा तडकलेला प्लग वरच होता; नखाला तडा लागला तशी तिने ओळखला. उजेडाकडे धरला. माराकेता. हुश्श झालं.

जेवायची वेळ झाली होती. तिने शिदोरी सोडली. उकडलेले तुंता, चीज, थोड्या घेवड्याच्या शेंगा. प्लग अजून डाव्या हातात होता. काय मनात आलं कोण जाणे, तिने तो एका तुंताच्या शेजारी ठेवला. मग दोन्हींवरून तिने आळीपाळीने नजर फिरवली.

"कोम्पाद्रे, जरा इकडे या."

कास्तो चष्मा पुसत आला. "जेवायला बोलावताय? नवल आहे."

"या प्लगचा रंग सांगा."

"थट्टा करताय का माझी?"

"सांगा तर."

कास्तोने प्लग नाकाशी नेला. "तुंता. तुंताहून पांढरा आहे. कडेला फोडसुद्धा आलेत. हा कुणाच्या गाडीत असेल तर त्याला आधी सांगा, मग जेवा."

"आणि हा शिदोरीतला?"

"तो तुंता तुंतासारखाच आहे, कोमाद्रे. काय झालंय तुम्हाला?"

"मला दोन्ही पावासारखे दिसतात."

कास्तो खालीच बसला. त्याने काही विचारलं नाही, आणि त्यावरूनच नेमेसियाला सगळं कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक असं नाही..."

"कधीपासून?"

"कार्निव्हलपासून," कास्तो पुटपुटला. "बियर शिंपडून आपण ट्रक पूजला ना, तेव्हा तुम्ही त्या ट्रकवाल्याचा प्लग बघितलात. पांढरा होता. तुम्ही माराकेता म्हणालात. मला वाटलं, बियर चढली असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलतच होतो की. थट्टेत बोलत होतो."

नेमेसियाने शिदोरी बांधून टाकली. गेल्या सहा महिन्यांत किती जणांना तिने 'राहू देत' म्हटलं होतं? शहरातल्यांना काही झालं नसेल. त्यांना गरम प्लग चालतो. दरीत उतरणाऱ्यांचं काय?

"मोतीबिंदू असेल," कास्तो म्हणाला. "माझ्या भावालाही असंच झालं होतं. सगळं चहात बुडवून काढल्यासारखं दिसायचं. ऑपरेशन होतं त्याचं. माझी भाची हॉस्पिटलात आहे, ती यादीत नाव घालेल. तोवर पाल जरा बंद ठेवा. कुणाला कळायचंही नाही."

"आणि शनिवारी?"

"शनिवारचं काय?"

"माकारियोचं काय?"

कास्तोने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "हे बघा, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? तो तरुण आहे. त्याला कुठेही काम मिळेल. तुमचं चौतीस वर्षांचं नाव आहे. ते एकदा गेलं की परत विकत मिळत नाही, कोमाद्रे. या बाजारात सगळं मिळतं, तेवढं नाही मिळत."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच ते ऐकताना नेमेसियाला रडू आलं.

शनिवारी सकाळी ती एकटीच केबल कारमध्ये बसून खाली शहरात उतरली. डोक्यावर चांगली हॅट, खांद्यावर चांगली शाल, आणि शालीच्या गाठीत तो तडकलेला प्लग. डबा दरीवर आला तसा समोर इयिमानीचा डोंगर उभा राहिला. वर्षभर तिला वाटत होतं की शहरात धूळ वाढलीय, विटांच्या भट्ट्या वाढल्यात, म्हणून डोंगरावरचा बर्फ असा मातकट दिसतो. शेजारच्या बाईला तिने विचारलं, "आज बर्फ कसा आहे हो?"

"कसा म्हणजे? पांढराशुभ्र," बाई म्हणाली. "काल रात्री नवा पडलाय ना."

नेमेसिया मग उतरेपर्यंत आपल्या हातांकडेच बघत राहिली.

युंगासच्या गाड्या सुटायच्या आवारात तीसेक ड्रायव्हर जमले होते. माकारियो शेवटच्या गाडीला टेकून उभा होता, टोपी हातात घेऊन, कुणी मरावं आणि आपण लांबचे नातेवाईक असावं तसा. सेक्रेटरी ओनोफ्रेने तिला बघितलं आणि खुर्ची मागवली.

"या दोन्या! तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुमचा शब्द साबिनोने सांगितलाय, तेवढा पुरे."

"तोच परत घ्यायला आलेय," नेमेसिया म्हणाली. ती बसली नाही. "साबिनोचे प्लग पांढरे होते. भाजलेले. मी माराकेता म्हणाले. मला दिसलं नाही. माकारियोने हात लावायच्या आधीच त्या इंजिनाचं मरण ठरलं होतं. हा त्यातलाच प्लग."

तिने गाठ सोडून प्लग पुढे केला. तो हातोहात फिरला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "दोन्याच्या भंगारात काय, शंभर प्लग असतील. हा त्याचाच कशावरून?"

"दोन्याला दया आलीय," दुसरा म्हणाला. "माकारियोच्या बायकोने रडून दाखवलं असेल."

साबिनो तर चिडलाच. "दोन्या, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याला वाचवायला स्वतःवर घेऊ नका. तुमचं चुकणं शक्य नाही. माझ्या बापाचे प्लग तुम्ही बघितलेत!"

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. रात्रभर तिने शरमेची तयारी केली होती. शिव्या खायची तयारी केली होती. आपलं खरं कुणी मानणारच नाही, ते सुचलं नव्हतं. क्षणभर वाटलं, झालं की. आपण सांगितलं. आता निघावं. कास्तोने ऐकलं असतं तर तोही तेच म्हणाला असता.

"ओनोफ्रे," ती म्हणाली, "पाच-सहा प्लग गोळा कर. ज्याच्या गाडीत जे असतील ते. हॅटमध्ये टाक."

ड्रायव्हरच्या डिकीत जुने प्लग नाहीत असं होत नाही. हॅट भरली. ओनोफ्रे तिच्यासमोर धरू लागला तशी तिने हात मागे बांधले.

"मला देऊ नकोस. हाताला फार कळतं. काजळी कळते, तेल कळतं, गॅपसुद्धा कळते. इतके दिवस हातांनीच सावरलं मला. तू धर उजेडाला, मी नुसती बघते."

ओनोफ्रेने पहिला धरला.

"चुन्यो."

"बरोबर!" साबिनो ओरडला. "बघा!"

"काळं दिसतं मला. पुढचा."

"हा?"

"माराकेता."

साबिनो पुढे सरकून तो प्लग बघू लागला. ओनोफ्रेने तिसरा धरला. "माराकेता," ती म्हणाली. चौथा. "माराकेता." मागे दोघे कुजबुजायला लागले होते. ओनोफ्रेने पाचवा प्लग हॅटमधून काढला, त्याच्याकडे बघून घुटमळला, परत ठेवायला गेला.

"कोणता आहे तो? दाखव."

"राहू द्या ना, दोन्या."

"दाखव, पोरा."

त्याने धरला. नेमेसिया पुढे झाली. डोळे बारीक करून तिने आयुष्यात कुठलाही प्लग बघितला नव्हता इतक्या लक्षपूर्वक तो बघितला. खोटं बोलून नापास होणं तिला नको होतं.

"माराकेता," ती म्हणाली. "कडेला जरा फिकट. पण माराकेता."

पुढच्या रांगेतला एक तरणा ड्रायव्हर फिस्सकन हसला. "अहो, तो कोरा आहे! आत्ता खोक्यातून काढलाय मी!"

त्याला वाटलं, सगळे हसतील. कुणी हसलं नाही. त्यानेही मग मान खाली घातली. इंजिनाचं तोंडसुद्धा न बघितलेला, दुधासारखा पांढरा प्लग ओनोफ्रेच्या बोटांत तसाच राहिला होता. ज्या बाईच्या एका शब्दावर त्यांनी आणि त्यांच्या बापांनी गाड्या दरीत घातल्या होत्या, तिला तो पावाच्या रंगाचा दिसत होता.

"साबिनो," नेमेसिया म्हणाली, "तुझं इंजिन मी घालवलं. त्या बाईला पावसात मी बसवलं. आता चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. एवढंच सांगायला आले होते. आणि कार्निव्हलनंतर ज्यांनी ज्यांनी मला प्लग दाखवलेत, त्यांनी आज गाडी खाली नेण्याआधी ते काढून बघा."

ती फाटकापर्यंत पोचेतो मागे पाने खणखणायला लागले होते. एकामागून एक बॉनेट उघडत होती. सभा तिथेच संपली.

माकारियो तिच्या मागोमाग केबल कारच्या स्टेशनापर्यंत आला. आभार मानायचे असतील, पण तो टोपी हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "टायमिंग फिरवायच्या आधी प्लग काढून बघतात, दोन्या. पहिला धडा आहे तो. मी बघितले नाहीत."

"का?"

"साबिनो म्हणाला, दोन्याने बघितलेत. मग मी कशाला बघू?"

नेमेसियाने त्याच्याकडे बघितलं. चेहरा तिला स्पष्ट दिसत होता. चेहऱ्यांचं काही अडत नव्हतं. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी सांगून आले तुझ्याबद्दल," ती म्हणाली. "म्हणजे तू कावळाच होतास तर. डोळे मिटलेला." ते दोघेही थोडं हसले.

त्यानंतरचा गुरुवार. पाल लागणार नाही, अशी अर्ध्या बाजाराची खात्री होती. पाल लागलं. भाचीने यादीत नाव घातलं होतं. डॉक्टरने एका डोळ्याचं ऑपरेशन होईल म्हटलं होतं, दुसऱ्याचं बघू म्हटलं होतं. निळ्या फडक्यावर प्लगांच्या पुढे आज तीन नव्या वस्तू होत्या: एक चुन्यो, एक तुंता आणि सकाळी भट्टीतून आणलेला एक माराकेता पाव.

"खाणावळ काढली का, कोमाद्रे?" कास्तोने विचारलं. त्याच्या आवाजात धीर नव्हता, पण विचारलं.

"नमुने आहेत. हात लावाल तर याद राखा."

दुपारपर्यंत तिघे आले. दोघे नवे प्लग घेऊन न दाखवताच गेले. तिसऱ्याने लांबूनच बघितलं आणि तो गर्दीत मिसळला. कास्तो जेट घासत होता आणि अजिबात वर बघत नव्हता.

मग साबिनो आला. उसन्या पैशांनी बसवलेल्या इंजिनाची त्याची पहिली खेप कालच झाली होती. तो नमस्कारचमत्कार न करता उभा राहिला, खिशातून प्लग काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. वीस वर्षांची सवय. त्याच्याही हाताची, तिच्याही. नेमेसियाने प्लग उचलला, उजेडाकडे धरला, फिरवला. समोरचा घासायचा आवाज थांबला.

तिला तो माराकेता दिसला. अगदी सुरेख, खरपूस माराकेता.

तिने हात खाली घेतला आणि प्लग साबिनोच्या तळहातावर परत ठेवला. फडक्यावरचा पाव मोडून त्याच्या कडेचा एक तुकडा प्लगच्या शेजारी ठेवला.

"तू सांग."

"मी? मला काय कळतं, दोन्या."

"डोळे आहेत ना? बघ."

साबिनोने तळहात वर केला. उन्हात धरला, सावलीत धरला. ज्याने वीस वर्षं प्लग नुसते काढले आणि घातले होते, तो पहिल्यांदाच त्यातल्या एकाचं तोंड बघत होता. बराच वेळ लागला. नेमेसियाने घाई केली नाही.

"पावासारखाच आहे," तो शेवटी म्हणाला. मग चाचरत, "वाटतं."

"वाटतं की आहे?"

त्याने पुन्हा बघितलं. "आहे."

तो तळहात पुढे धरूनच उभा होता, अजूनही तिने एकदा बघावं म्हणून. नेमेसियाने बघितलं नाही. तिने ॲप्रनवरचे पावाचे कण झटकले.

"मग राहू देत," ती म्हणाली.